खापरपणजोबांचे मोडीतील मृत्युपत्र: वाचन आणि नोंदणीचा शोध (खानापूर, शहापूर)

प्रश्न: खानापूरकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमचे मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असून घराण्याची वंशावळ लिहून काढण्याचे काम मी सध्या हाती घेतले आहे. पणजोबांपर्यंतची नावे व तारखा शाळेच्या जनरल रजिस्टरावरून आणि जुन्या उताऱ्यांवरून जुळल्या. त्यामागे मात्र घरातल्या सांगोवांगीखेरीज काहीच हाती लागत नव्हते. अलीकडे थोरल्या काकांकडे पोथ्यांच्या रुमालात बांधलेला एक मोडी कागद मिळाला. तो आमच्या खापरपणजोबांनी लिहून ठेवलेला आहे. कागद साधा आहे, स्टॅम्पचा नाही. पाठीवर नंतरच्या कोणीतरी बाळबोध (देवनागरी) अक्षरात ‘मृत्युपत्र’ असे लिहिले आहे. आत मात्र पहिल्याच ओळीत ‘व्यवस्थापत्र’ असा शब्द आहे.

मोडीची मुळाक्षरे मी शिकलो आहे, तरीही कागद सलग वाचता येत नाही. आरंभीची ओळ ‘शके १८’ इथपर्यंत स्पष्ट लागते, पुढचे दोन आकडे घडीवर आल्यामुळे पुसट झाले आहेत, आणि त्यानंतर ‘कालयुक्तनाम संवत्सरे आश्विन शुद्ध १२ गुरुवार’ असे लागते. मजकुरात दोन प्रकारच्या मिळकती आहेत. गावची भातशेती ‘वडिलार्जित’ असून तिची वहिवाट चिरंजीवाने करावी, असे म्हटले आहे. बेळगावलगतच्या शहापुरातील घर व दुकान ‘स्वकष्टार्जित’ असून ते कोणाला द्यायचे हे सविस्तर लिहिले आहे. धाकट्या बंधूंची वाटणी पूर्वीच होऊन ते विभक्त असल्याचाही उल्लेख आहे.

त्यानंतरचे एक वाक्य आम्हा सर्वांना अडवून धरते. घरी असलेल्या एका स्त्रीला ‘हयातीपर्यंत अन्नवस्त्र व माजघरालगतची खोली’ द्यावी, असा आदेश आहे. तिचे नाव फाटलेल्या जागी गेले असून नात्याचा शब्द ‘भा’ने सुरू होतो. माझ्या चुलतभावाच्या मते तो ‘भाची’ आहे, मला तो ‘भावजय’ वाटतो. घरातल्या कोणालाही या स्त्रीबद्दल काहीच माहिती नाही, आणि म्हणूनच तिचे नाते निश्चित व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या घराने तिला आयुष्यभराचा आसरा दिला, त्या घराच्या वंशावळीत तिला जागा नसावी हे योग्य वाटत नाही.

याखेरीज शेताच्या आकाराच्या (साऱ्याच्या) रकमेपुढे उभ्या-आडव्या रेघा आहेत, चतुःसीमेतील (शेताच्या चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनातील) काही शब्द मराठी वाटत नाहीत, आणि साक्षीदारांच्या नावांपैकी एकापुढे सहीऐवजी नांगराचे चित्र काढलेले आहे. सब-रजिस्ट्रार कचेरीत चौकशी केली असता त्या नावाने त्या सुमारास नोंद नाही, असे सांगण्यात आले. या कागदाचे वाचन आणि नोंदणीचा शोध या दोन्ही बाबतीत मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

उत्तर: जुने दफ्तर

नमस्कार खानापूरकर. आपण कागद न उलगडता आलेल्या ठिकाणी अंदाजाने शब्द न भरता ती जागा तशीच ठेवली, याबद्दल आपले अभिनंदन करतो. घराण्याच्या इतिहासात चुकीचे वाचन एकदा वंशावळीत शिरले की पुढच्या पिढ्या तेच प्रमाण मानतात.

प्रथम सालाविषयी. आकडे पुसट असले तरी संवत्सराचे नाव लागले आहे, ते पुरेसे आहे. साठ संवत्सरांचे चक्र असल्यामुळे ‘कालयुक्त’ हे नाव शके १७८०, १८४० आणि १९०० यांनाच लागू पडते. आपल्याला ‘१८’ स्पष्ट दिसत असल्याने शके १८४० हेच साल उरते. त्या वर्षीचा दसरा १५ ऑक्टोबर १९१८, मंगळवारी होता. म्हणजे आश्विन शुद्ध द्वादशी १७ ऑक्टोबरला येते आणि तो दिवस गुरुवारच आहे. संवत्सर, तिथी आणि वार असे तिन्ही जुळल्यावर तारखेबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही. कागदात कुठे फसली सन (महसुली वर्ष) असेल तर तो १३२८ असायला हवा, तेही पाहावे. हा काळ इन्फ्लुएन्झाच्या साथीचा होता आणि मुंबई इलाख्यात त्या महिन्यांत असंख्य माणसे दगावली. तेव्हा खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधताना पुढच्या काही आठवड्यांची नोंदवही आधी पाहावी, आणि त्याच साथीत घरातले आणखी कोणी गेले का, हेही त्याच वहीत पाहून घ्यावे.

आता वाचनाविषयी. मोडीची मुळाक्षरे येणे आणि मोडी कागद वाचता येणे यांत मोठे अंतर आहे, कारण लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जातो. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. ‘र’ तर शेजारच्या अक्षराला आणि स्वराला चिकटून निरनिराळी रूपे घेतो. त्यातून बाजारात मिळणारे बरेचसे तक्ते पेशवेकालीन वळणाचे असतात. आपला कागद आंग्लकालीन आहे. बोरूऐवजी टाकाने लिहिलेल्या या मोडीत जाड-बारीक रेघांचा फरक कमी होतो आणि अक्षरे अधिक घाईची दिसतात. म्हणून छापील तक्त्यावर फार विसंबू नये, या कागदाचा स्वतःचा तक्ता तयार करावा.

तो असा तयार होतो. जे शब्द कागदात असणारच, हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, ते प्रथम शोधावेत: खापरपणजोबांचे नाव, गावाचे नाव, तालुके खानापूर, शके, संवत्सर, महिना, तसेच ‘कारणे व्यवस्थापत्र लिहून ठेवितो ऐसाजे’, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’, ‘माझे पश्चात’, ‘सदरहू मिळकत’, ‘सही दस्तुर खुद्द’ ही ठरावीक वाक्ये. या शब्दांतूनच त्या लेखकाचे क, त, ल, स, ह कसे येतात ते मिळते. प्रत्येक अक्षराचे त्याच कागदातील तीन-चार नमुने मोबाईलवर मोठे करून एका पानावर चिकटवावेत आणि मग अडलेल्या शब्दाकडे वळावे. लेखकाचे नाव बहुधा शेवटी ‘बिकलम’ या शब्दापुढे असते. त्याच गावात त्याच माणसाने लिहिलेला दुसरा एखादा दस्त उपलब्ध झाला, तर वाचन कितीतरी सोपे होते.

‘भा’ने सुरू होणाऱ्या शब्दासाठीही हीच पद्धत वापरावी. ‘वहिवाट’ हा शब्द आपल्या कागदात आहेच, त्यामुळे या लेखकाचा ‘व’ आपल्याला सापडलेला आहे. ‘चिरंजीव’ या शब्दात ‘च’ आणि ‘ज’ दोन्ही आहेत. ती तीन अक्षरे अडलेल्या शब्दाशेजारी ठेवून पाहिली की ‘भाची’ आणि ‘भावजय’ यांतला निर्णय डोळ्यांनीच करता येईल. मजकुराच्या अर्थावरून पाहिले तरी अविवाहित भाचीसाठी ‘लग्न होईपर्यंत’ अशी मुदत आली असती. ‘हयातीपर्यंत अन्नवस्त्र’ ही विधवेसाठी येणारी भाषा आहे. अर्थात भाचीही विधवा असू शकते, म्हणून अक्षरांचा पुरावा आधी आणि तर्क नंतर.

आकाराच्या रकमेपुढील रेघा म्हणजे आणे आहेत. आकड्यानंतरचा एक उभा दंड म्हणजे पाव रुपया, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन दंड म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणजे ‘७॥।=’ असे लिहिले असेल तर ते सात रुपये चौदा आणे झाले. क्षेत्रात ‘१७॥ गुंठे’ असेल तर साडेसतरा गुंठे. मात्र हेच दोन दंड आकड्याऐवजी अक्षरापुढे आले, तर तो अपूर्णांक नसून शब्द संक्षेपाने लिहिल्याची खूण असते: ‘रा॥’, ‘ता॥’, ‘नि॥’ वगैरे. नवशिके वाचक इथे हमखास अडखळतात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

नांगराचे चित्र ही त्या साक्षीदाराची निशाणी आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगर काढीत असे आणि लेखक त्याच्या बाजूला नाव लिहीत असे. त्या नावाचे घराणे गावात आजही असेल, तर त्यांच्याकडे अवश्य चौकशी करावी. गावच्या शेतकऱ्याला साक्षीला बोलावले ते बहुधा शेजार, बांध किंवा सोयरीक असल्यामुळेच.

एक कळकळीची विनंती आहे. कागदाला सेलोटेप लावू नये, तो लॅमिनेट करू नये आणि पुसट अक्षरे पेनाने गिरवू नयेत. एका बाजूने तिरपा उजेड पाडून दोन्ही पृष्ठांचे फोटो घ्यावेत. घडीवरचे आकडेसुद्धा पुष्कळदा त्या उजेडात उमटतात.

उत्तर: निवृत्त दस्तलेखक, बेळगाव

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. नोंदणीच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

कागद साधा आहे ही महत्त्वाची खूण आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही; दत्तकपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यांना लागतो. ‘व्यवस्थापत्र’ हे नाव मृत्युपत्रालाही देत असत आणि हयातीतच अमलात येणाऱ्या व्यवस्थेलाही देत असत. ‘माझे पश्चात’ असे शब्द असतील आणि कागद बिनमुद्रांकाचा असेल, तर पाठीवर लिहिणाऱ्याने योग्य तेच लिहिले आहे. साक्षीदार किती आहेत यावरून कागदाच्या खरेपणाचा निष्कर्ष मात्र काढू नये. हिंदूंच्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांची सक्ती आपल्या भागात १ जानेवारी १९२७ पासून पुढे केलेल्या मृत्युपत्रांना लागू झाली. त्यापूर्वी तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जात असे.

मृत्युपत्राची नोंदणी तेव्हाही ऐच्छिक होती आणि आजही आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार ते केव्हाही, कोणत्याही सब-रजिस्ट्रारकडे सादर करता येते, आणि करून ठेवणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याखाली हक्क सांगणारा वारसही ते सादर करू शकतो. तेव्हा एकाच कचेरीत १९१८ च्या सुमाराची नोंद नाही म्हणून शोध थांबवू नये. खानापूर आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी पुढच्या काही वर्षांची इंडेक्स नंबर ३ पाहण्याची विनंती करावी. मृत्युपत्रे व दत्तकाचे अधिकारपत्र बुक नंबर ३ मध्ये असतात. या बुकाचा शोध कचेरीतील अधिकारीच घेतात, आपल्याला पाने उलटता येत नाहीत. परंतु करून ठेवणारा मयत असल्यास कोणाही अर्जदाराला नक्कल मिळण्याची कायद्यातच तरतूद आहे. अर्जात मृत्यूचा दाखला किंवा नोंद जोडावी आणि ‘बुक नंबर ३’ असा स्पष्ट उल्लेख करावा, नाहीतर बुक नंबर १ (स्थावर मिळकतीच्या इतर दस्तांचे) पाहून ‘नोंद नाही’ असे उत्तर येते.

शहापूरची गोष्ट वेगळी आहे. आज शहापूर बेळगाव शहरातच आहे, पण १९१८ साली ते सांगली संस्थानात होते आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तिथला कारभार संस्थानाचा होता. खानापूर तालुका ब्रिटिश मुलखात आणि घर-दुकान संस्थानी हद्दीत, अशी आपली स्थिती असल्याने घराचे जुने कागद, त्यांवरचे शिक्के व मुद्रांक सांगली संस्थानाचे असतील. घराचा माग बेळगाव कचेरीच्या त्या काळच्या वह्यांत न लागणे स्वाभाविक आहे. तो सांगलीच्या बाजूने आणि विलीनीकरणानंतरच्या सिटी सर्व्हेच्या चौकशी नोंदींतून लावावा.

आता त्या स्त्रीविषयी, कारण या कागदातला खरा ऐवज मला तिथेच दिसतो. आपल्या खापरपणजोबांनी वडिलार्जित जमिनीबद्दल फक्त वहिवाटीची सूचना केली आणि स्वकष्टार्जित घरच तेवढे ‘दिले’, याला कारण आहे: एकत्र कुटुंबातील वडिलार्जित हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे, तशी मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. म्हणजे कागद लिहिणारा किंवा सांगणारा माणूस कायदा जाणणारा होता आणि त्याचा प्रत्येक शब्द तोलून आलेला आहे. असा माणूस धाकटे बंधू विभक्त असल्याचे स्पष्ट लिहितो आणि पुढच्याच वाक्यात एका भावजयीला हयातीपर्यंत अन्नवस्त्र देतो, तेव्हा ती त्या विभक्त बंधूंची पत्नी नसावी. तिची जबाबदारी तिकडच्या घरावर होती. मग ती तिसऱ्या भावाची विधवा असण्याचा संभव अधिक, जो खापरपणजोबांशी एकत्र असतानाच, संतती न ठेवता वारला. अशा भावाचा हिस्सा त्या काळच्या कायद्याने उरलेल्या एकत्र भावाकडे येई आणि विधवेला अन्नवस्त्राचा हक्क राही. वाचन ‘भावजय’ असेच ठरले, तर आपल्या वंशावळीतून एक संपूर्ण भाऊ गळाला आहे, असे समजून शोध घ्यावा.

हे पडताळण्याची जागाही आहे. धाकट्या बंधूंची वाटणी नोंदवलेली असेल, तर तो दस्त बुक नंबर १ मध्ये असेल, आणि ते बुक व त्याच्या इंडेक्स कोणालाही फी भरून पाहता येतात. वाटणीत धाकट्यांना आठ आणे हिस्सा गेला असेल तर वाटणीच्या वेळी भाऊ दोनच. पाच आणे चार पै (रुपयाचा तिसरा हिस्सा) गेला असेल तर तीन. त्याशिवाय गावच्या जमिनीच्या हक्कपत्रकात ‘इतर हक्क’ या सदरात अन्नवस्त्राचा बोजा नोंदलेला आढळला, तर त्या स्त्रीचे नावही तिथेच मिळेल.

उत्तर: हुक्केरीकर

चतुःसीमेतील शब्दांबद्दल थोडे लिहितो. आमच्याकडच्या कुलकर्ण्यांच्या दफ्तरात मोडीत लिहिलेला कानडी मजकूर आढळतो, आणि मराठी दस्तांतही शेतांची, ओढ्यांची, तळ्यांची नावे कानडीच ठेवलेली असतात, कारण गावात ती तशीच चालत होती. मोडीत कानडीतील ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे दाखवण्याची सोय नाही, त्यामुळे शब्द ओळखू येत नाही एवढेच. आपल्या कागदात ‘हळ’ किंवा ‘हळळ’ असे काही असेल तर तो हळ्ळ, म्हणजे ओढा. ‘केर’ असेल तर केरे, म्हणजे तळे. ‘गद’ किंवा ‘गदे’ असेल तर गद्दे, म्हणजे भाताचे शेत. ‘तोट’ म्हणजे बाग. ‘होल’ म्हणजे कोरडवाहू शेत. नावाच्या शेवटी ‘अप्पा’, ‘अव्वा’, ‘गौडा’ असेल तर शेजारचा बांध कानडी घराण्याचा आहे, हेही कळते. अडलेला शब्द एखाद्या जुन्या कानडी शेतकऱ्याला नुसता मोठ्याने वाचून दाखवावा. अनेकदा तो लगेच जागा सांगतो.

आजच्या उताऱ्याशी मेळ घालताना गावाच्या किंवा शेताच्या नावावर भर देऊ नये. पहाणी पत्रक आता कानडीत निघते आणि नावांची लेखनपद्धती बदललेली असते. सर्व्हे नंबर धरून शोधावे. पुढे पोटहिस्से पडलेले असले तरी मूळ नंबर सहसा कायम राहतो. संगणकावरच्या नोंदी सहसा इतक्या मागे जात नाहीत, म्हणून जुने हक्कपत्रक बहुधा तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून मागवावे लागेल. आणखी एक: आपली सोयरीक चंदगडकडे असेल, तर तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, हे लक्षात ठेवून तिकडच्या लग्नसंबंधाचे कागदही बेळगावच्या बाजूने शोधावेत.

खानापूरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिरप्या उजेडात फोटो घेतल्यावर घडीवरचा ‘४’ दिसला आणि त्यापुढचे शून्यही. ‘वहिवाट’ आणि ‘चिरंजीव’ या शब्दांतील अक्षरे शेजारी ठेवून पाहिली. ‘भा’नंतरचे अक्षर ‘व’ आहे याबद्दल आता चुलतभावाचीही हरकत राहिलेली नाही. त्यापुढचे अक्षर फाटलेल्या कडेला लागून असल्याने ते मी चौकटी कंसात ठेवले आहे. पूर्वेच्या सीमेचा शब्द ‘हळ्ळ’ असाच असून आमच्या शेताच्या पूर्वेला आजही ओढा आहे.

वाटणीपत्रासाठी बुक नंबर १ पाहण्याचा अर्ज तयार केला आहे. कोणत्या सालापासून पाहावे, हे मात्र कळत नाही, कारण मृत्युपत्रात ‘पूर्वीच’ एवढाच शब्द आहे.

निवृत्त दस्तलेखक, बेळगाव

धाकट्या बंधूंच्या नावे जमिनीचे स्वतंत्र खाते केव्हा पडले, ते जुन्या हक्कपत्रकातील फेरफारावरून काढावे आणि त्या सालाच्या मागची दोन-तीन वर्षे आधी पाहावीत. इंडेक्स नंबर १ नावांची आहे आणि नंबर २ मिळकतीची. नावाने न सापडल्यास गाव व सर्व्हे नंबर देऊन नंबर २ पाहण्याचा आग्रह धरावा, कारण वाटणीपत्राची नोंद भावांपैकी पहिल्या लिहून देणाऱ्याच्याच नावाने लागलेली असू शकते, आणि आपल्या बाबतीत तो पहिला भाऊ कोण होता हेच अजून ठरायचे आहे.